सोडविलेल्या बदकास योग्य घर

संकटांत सांपडलेल्या मुक्या प्राण्यास सोडविणें हें एका क्षणाचें काम आहे; त्यास पुढें सुखानें राहतां येईल अशी जागा मिळवून देणें हें पुष्कळ दिवसांचें काम आहे. पहिल्या कामाची लोक वाहवा करितात. दुसऱ्याकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु दुसरें काम अपुरें राहिलें तर पहिल्याचा फारसा उपयोग होत नाहीं. कुत्र्याच्या तोंडांतून सोडविलेलें बदक चार दिवसांनीं दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडीं गेलें, तर आपण त्याचा जीव वाचविला असें म्हणतां येईल काय? नीट निगा राखिल्यास पाळीव बदक ८-१० वर्षें, कधीं त्याहूनही अधिक जगतें. तेव्हां त्याला घर शोधणें म्हणजे एका जिवाच्या इतक्या वर्षांची सोय करणें होय. हें घर कसें शोधावें, त्यांत कोणत्या गोष्टी पाहाव्या व कोणत्या मोहास बळी पडूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाळीव बदकावर निराधार होण्याचा प्रसंग येतो तरी कसा? बाजारांत पिवळीं, मऊ, कापसाच्या गोळ्यासारखीं पिलें विकावयास येतात. मुलें हट्ट धरितात व वडील माणसें एकदोन पिलें घेऊन देतात. पेकिन जातीचें पिलूं अंड्यांतून निघतें तेव्हां त्याचें वजन सुमारें ५० ग्रॅम असतें. भरपूर खाद्य मिळाल्यास ७-८ आठवड्यांत तें ३ किलोच्या घरांत जातें. पिवळी लव जाऊन पांढरीं पिसें येतात, आवाज मोठा होतो, पाणी सांडून तें सगळीकडे चिखल करितें, आणि जेथें जाईल तेथें घाण करितें. मग घरांतील माणसें त्रासतात, शेजारी तक्रार करितात, आणि 'बदक पाण्यांतलेंच, पाण्यांत सोडलें म्हणजे तें सुखी होईल' असें मनाचें समाधान करून घेऊन एखाद्या संध्याकाळीं त्यास तळ्याच्या कांठीं सोडून दिलें जातें. आपल्यास जीं बदकें भटकतांना सांपडतात, त्यांपैकीं पुष्कळांची कथा अशीच असते.

आतां हें समाधान खरें आहे काय तें पाहूं. त्यासाठीं रानबदक व पाळीव बदक यांतील भेद समजून घेतला पाहिजे. मस्कोव्ही ही एक जात सोडली, तर जगांतील बहुतेक सर्व पाळीव बदकें मॅलार्ड नांवाच्या एकाच रानबदकापासून झालेलीं आहेत. मस्कोव्हीचें मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेंत असून तोंडावरील लाल मांसल गांठींवरून ती ओळखूं येते. मॅलार्ड हें शेंकडों कोस उडत जाणारें, चपळ व सावध पांखरूं आहे. परंतु मनुष्यानें पिढ्यान्‌पिढ्या अधिक मांसाचीं व अधिक अंडीं देणारीं बदकें निवडून त्यांचीच वीण वाढविली. त्यामुळें पेकिनसारख्या जातीचें शरीर इतकें जड झालें आहे कीं, पंख असूनही तें उडूं शकत नाहीं. त्याचा शुभ्र रंग दुरून शत्रूच्या नजरेंत भरतो. अन्न शोधण्यास व शत्रु ओळखण्यास शिकविणारी आईही बहुतेकांस लाभलेली नसते, कारण तीं यंत्रांत उबविलेलीं असतात. अशा बदकास तळ्यावर सोडणें म्हणजे त्यास स्वातंत्र्य देणें नव्हे, तर कुत्रीं, मुंगूस व उपासमार यांच्या हवालीं करणें होय. प्राण्यांस निर्दयतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा आपल्या देशांत १९६० सालीं झाला, त्यांत भुकेनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्यास विनाकारण टाकून देणें हा अपराध मानिला आहे.

यांत दुसरेंही एक नुकसान आहे. पाळीव बदकें व मॅलार्ड हीं जवळच्या रानजातींशीं जोडी जमवितात व संमिश्र संतति निर्माण होते. न्यूझीलंडमध्यें एकोणिसाव्या शतकापासून परदेशी मॅलार्ड आणून सोडण्यांत आले. आज तेथील 'पारेरा' नांवाचें मूळचें करडें बदक शुद्ध स्वरूपांत आढळणें फार विरळ झालें आहे. आपल्या तळ्यांवरील पक्ष्यांवर असा प्रसंग आणणें योग्य नव्हे.

याच्या उलट चूकही घडते. चोंच काळी, तिचें टोंक पिवळें व मुळाशीं तांबडे ठिपके असलेलें 'हळदी-कुंकू बदक' किंवा शीळ घालीत उडणारी 'अडई' हे आपल्या तळ्यांवरील रानपक्षी आहेत. असा पक्षी जखमी सांपडल्यास त्यास पाळण्याचा विचारही मनांत आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यांस संरक्षण आहे; तेव्हां जवळच्या वनखात्याच्या कचेरींत कळवून पक्षी त्यांच्या स्वाधीन करावा. रानपक्ष्याचें घर म्हणजे त्याचें रान. पाळीव बदकाचें घर मात्र मनुष्यासच शोधावें लागतें.

घर मिळेपर्यंत बदकाची तात्पुरती व्यवस्था नीट ठेवावी. प्रथम त्यास पशुवैद्यास दाखवावें. दुसरीं कोंबडीं-बदकें असल्यास तीनचार आठवडे तरी त्यांच्यापासून तें वेगळें ठेवावें, व त्यास हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील बर्ड फ्ल्यूची पहिली सांथ उघडकीस आली, हें पुष्कळांस आठवत असेल. बदकाच्या शरीरांत या रोगाचे विषाणु असूनही कित्येकदां त्याच्यावर बाहेरून कांहींच लक्षण दिसत नाहीं. म्हणून ही काळजी. खाद्यासाठीं पाव घालण्याची रीत सोडून द्यावी. त्यानें पोट भरतें, पण पोषण होत नाहीं. भात, तांदळाची कणी, बारीक चिरलेला पाला व अंड्यावरील कोंबड्यांसाठीं मिळणारें मिश्र खाद्य हें मोठ्या बदकास मानवतें. लहान पिलांस 'ब' वर्गांतील नायसिन हें जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांहून अधिक लागतें. तें न मिळाल्यास पाय वांकडे व दुबळे होतात. खाद्याजवळ पाणी नेहमीं असावें, कारण बदक घांसाबरोबर पाणी घेऊन गिळतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. घर चांगलें कशावरून म्हणावें? आमच्या मतें पांच गोष्टी पाहाव्या.

(१) सोबत. बदक हा कळपानें राहणारा पक्षी आहे. खाणें, पोहणें, पिसें साफ करणें, झोंपणें हें सारें तें सोबत्यांबरोबर करितें. एकटें बदक मनुष्याच्या मागें मागें फिरूं लागतें, आणि आपण समजतों कीं त्याचें आपल्यावर अलोट प्रेम आहे. ऑस्ट्रियांतील शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनीं या गोष्टीचा सखोल अभ्यास केला. अंड्यांतून निघाल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत जें हालतें-बोलतें दिसेल त्याच्या मागें जावें, असा हंसांच्या व बदकांच्या पिलांचा स्वभावच असतो, असें त्यांनीं दाखविलें. मॅलार्डच्या पिलांनीं आपल्यास आई मानावें म्हणून त्यांस बागेंत उकिडवें बसून बदकासारखें ओरडत चालावें लागलें, व येणारेजाणारे त्यांच्याकडे पाहून चकित झाले. पुढें १९७३ सालीं त्यांस दोघां शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. यावरून घ्यावयाचा बोध असा कीं, पिलूं आपल्या मागें येतें तें आईच्या शोधांत येतें. आपण शाळेंत गेल्यावर तें दिवसभर एकटें हांका मारीत बसत असेल, तर आपल्या मायेनें त्याची उणीव भरून निघाली असें होत नाहीं. म्हणून जेथें दुसरीं बदकें आहेत तें घर प्रथम पाहावें.

येथें नर कीं मादी हें पाहणें अवश्य आहे. वयांत आलेल्या नराच्या शेंपटीवर एकदोन पिसें वर वळलेलीं असतात व त्याचा आवाज बसलेला, घोगरा असतो. मोठ्यानें 'क्वॅक क्वॅक' करिते ती मादी. एका नरामागें चारपांच माद्या असाव्या. नर अधिक झाल्यास ते आपसांत झगडतात व माद्यांस जखमी करितात. कोंबड्यांच्या खुराड्यांत नर बदक ठेवणेंही बरें नव्हे. त्यापासून कोंबड्यांस इजा पोहोंचते. अंडीं मादीच देते, यास्तव तिला घर लवकर मिळतें. नराला मात्र फार शोध करावा लागतो.

(२) पाणी. मोठें तळें असावेंच असें नाहीं. परंतु डोकें पूर्ण बुडेल इतकें खोल पाणी रोज हवें. डोळे व नाकपुड्या धुण्याचें बदकाचें साधन तेंच होय. एखादें मोठें घंगाळ किंवा सिमेंटचा लहान हौद चालेल, पण त्यांतील पाणी कोण व किती वेळां बदलणार, हें विचारावें. आई नसलेल्या लहान पिलांस मात्र फार वेळ पाण्यांत ठेवूं नये. त्यांची लव भिजून त्यांस थंडी बाधते.

(३) रात्रीचा निवारा. बदकाचे शत्रु बहुधा रात्रीं व पहांटे येतात. कुत्रीं, रानमांजर, उदमांजर यांपासून भिंत रक्षण करील. परंतु मुंगूस लहानशा भोंकांतूनही आंत शिरतो. म्हणून खुराड्याची जाळी बारीक व मजबूत असावी, जमिनीकडील बाजू खणून आंत शिरतां येणार नाहीं अशी असावी, आणि मुख्य म्हणजे दिवेलागणीस दार लावणारें माणूस ठरलेलें असावें. उत्तम खुराडें असून दार उघडें राहिलें, तर त्याचा काय उपयोग?

(४) जमीन. बदकाचे पाय पाण्यासाठीं घडविलेले आहेत. कठीण फरशीवर सतत चालल्यानें त्यांच्या तळव्यांस फोड येऊन ते चिघळतात. गवत, मऊ माती, पेंढा किंवा भाताचें तूस अंथरलेली जागा हवी. ऊन लागेल तेव्हां सांवलीही हवी.

(५) हेतु. घेणारा मनुष्य बदक कशासाठीं नेत आहे, हें स्पष्ट विचारावें. पुष्कळांस हें विचारावयास संकोच वाटतो. बदकें पाळून कोणी उपजीविका करीत असेल तर त्यास आम्ही दोष देत नाहीं. केरळांतील कुट्टनाडांत भाताची कापणी झाल्यावर बदकांचे मोठाले कळप शेतांत चारतात व त्यावर अनेक कुटुंबें पोसलीं जातात. परंतु जें बदक आपण सोडविलें, त्यास जीवदान दिलें. तें सणाच्या दिवशीं पानांत वाढिलें जाऊं नये, एवढें वचन मागणें हें आपलें कर्तव्यच आहे. फुकट देतों म्हटल्यानें नको तीं माणसेंही धांवून येतात. तेव्हां चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणाच्याही हातीं बदक देऊं नये.

या पांच गोष्टी लावून पाहण्याचा प्रसंग आम्हां विद्यार्थ्यांवर एका पावसाळ्यांत आला. शाळेच्या फाटकाबाहेर कुत्र्यांनीं घेरलेलें एक पांढरें बदक आमच्यांतील कांहीं मुलांनीं सोडवून आणिलें. त्याचा एक पाय जखमी होता. पशुवैद्यांनीं औषधपाणी केलें व दोन महिने तें आमच्या आवारांत राहिलें. तें नर होतें. पांचवींतील एका लहान विद्यार्थ्यास त्याचा इतका लळा लागला कीं, मधल्या सुट्टींत तो आपला डबाही त्याच्या शेजारीं बसून खाई. त्याला घर शोधूं लागतांच तीन ठिकाणें पुढें आलीं.

पहिलें ठिकाण त्या लहान विद्यार्थ्याचेंच घर. माया तेथें भरपूर होती. परंतु राहावयाची जागा चवथ्या मजल्यावरील गच्ची, उन्हानें तापणारी फरशी आणि दिवसभर घरीं कोणी नाहीं. दुसरें ठिकाण एका मोठ्या उपाहारगृहाचें आवार. तेथें सुंदर कारंजें होतें, पाणी स्वच्छ होतें, व मालक मोठ्या आनंदानें बदक घेण्यास तयार होते. परंतु तेथें दुसरें बदक नव्हतें, आणि रात्रीं बदक कोठें राहील असें विचारतां 'कारंज्यांतच' असें उत्तर मिळालें. तिसरें ठिकाण मावळांतील एका भातशेतीच्या गांवीं राहणाऱ्या आजींचें. त्यांच्याकडे पांच माद्या होत्या, बांधालगत लहानसें डबकें होतें. पण घर अगदींच साधें.

"आजी, तुमच्याकडे नर नाहीं का?" असें आम्हीं विचारलें.

"होता, बाळांनो. मागल्या साली मुंगसानं नेला. खुराड्याची फळी कुजली होती, ती मी बघितलीच नाही," असें त्या म्हणाल्या.

हें ऐकून आमच्यांतील कित्येकांचें मत फिरलें. परंतु त्यांनीं आपण होऊन खरी गोष्ट सांगितली, हेंही आम्हांस विसरतां येईना. आम्हीं खुराडें पाहावयास मागितलें. फळी नवी होती, खालीं दगड बसविले होते व चोहोंकडे बारीक जाळी मारलेली होती. शेवटीं आम्हीं पांचवा प्रश्न विचारला. आजी क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "अंडी आम्ही खातो. पण तुम्ही जीव वाचवलेलं पाखरू मी कापणार नाही. पाहुणे आले तरी नाही." आम्हीं बदक तेथेंच देण्याचें ठरविलें. लहान विद्यार्थी रडला. परंतु आपल्या गच्चीवर सोबतीला कोणी नाहीं, हें त्यालाही कळत होतें.

बदक पोहोंचवितांना ज्या गोष्टी आम्हीं पाळिल्या त्या सर्वांसच उपयोगी पडतील. पक्षी उलटा टांगून किंवा पंखांस धरून नेऊं नये. एक हात पोटाखालीं घालून, पंख अंगाशीं धरून उचलावा. हवा खेळेल अशा डालग्यांत पेंढा घालून सकाळच्या थंड वेळीं न्यावा. नव्या ठिकाणीं त्यास एकदम कळपांत सोडूं नये. कांहीं दिवस मध्यें जाळी ठेवून एकमेकांस पाहूं द्यावें. नंतर सोडल्यावर थोडी टोंचाटोंची होते, ती आपोआप शमते. रक्त निघालें तरच मध्यें पडावें. 'ठेवणें न जमल्यास दुसऱ्यास न देतां आम्हांसच परत करावें' असें एका कागदावर लिहून घ्यावें. व पंधरा दिवसांनीं जाऊन पाहून यावें.

पंधरा दिवसांनीं आम्ही गेलों तेव्हां तें बदक माद्यांसह शेताच्या बांधावर चरत होतें. आम्हीं हांक मारली. त्यानें मान वर केली, आमच्याकडे पाहिलें, आणि तें पुनः कळपामागें पाण्यांत उतरलें. आमच्याकडे तें आलें नाहीं. लहान विद्यार्थी थोडा वेळ उगाच उभा राहिला. मग आजींकडे जाऊन त्यानें विचारलें, "रात्री दार तुम्ही स्वतः लावता ना?" त्या "होय रे बाळा" म्हणाल्यावर त्याचें समाधान झालें. आमच्या मतें त्या दिवशीं त्याची माया पूर्वीपेक्षां कमी झाली नव्हती. ती अधिक शहाणी झाली होती.

प्राण्यावर प्रेम करणाऱ्यास दोन मार्ग असतात. एक, तो आपल्याजवळ राहावा म्हणून धडपडण्याचा. दुसरा, तो जेथें सुखानें राहील तेथें त्यास नेण्याचा. कधीं हे दोन्ही मार्ग एकच असतात. ज्याच्या घरीं अंगण आहे, दोनचार बदकें आहेत व दार लावणारें माणूस आहे, त्यानें सोडविलेलें बदक खुशाल ठेवून घ्यावें. परंतु जेथें ते वेगळे होतात, तेथें कोणता धरावा याविषयीं संशय नसावा. बदकास आपल्या कौतुकाची गरज नाहीं; त्यास सोबती, पाणी, मऊ जमीन व रात्रीं लागलेलें दार हवें. एवढें ज्यानें त्यास मिळवून दिलें, त्यानेंच त्यास खरोखर सोडविलें असें आम्ही समजतों. आणि ज्यांनीं अजून पिलूं विकत घेतलेलें नाहीं, त्यांस आमची विनंति अशी कीं, बाजारांत पैसे मोजण्यापूर्वीं याच पांच गोष्टी आपल्या घरास लावून पाहाव्या. तसें सर्वांनीं केलें, तर पुष्कळ बदकांस सोडविण्याची वेळच येणार नाहीं.